येते की जाते

१

जावईबापू सासुरवाडीला निघाले की त्यांच्या बायकोची नजर आधी त्यांच्या पिशवीकडे जायची, कारण हा माणूस तिथे हात हलवत कधीच जात नसे. मागच्या खेपेला त्यांनी ड्रिल मशीन नेलं होतं. सासऱ्यांच्या, म्हणजे नानांच्या, बाथरूममध्ये आरसा टांगायचा म्हणून त्यांनी भिंतीला जे भोक पाडलं ते थेट पलीकडे निघालं, आणि तेव्हापासून नाना दात घासता घासता शेजाऱ्यांच्या रेडिओवरच्या बातम्या फुकटात ऐकतात.

या रविवारी त्यांच्या पिशवीत एक वायर होती.

"काय आहे त्यात?" बायकोने जिन्याच्या पायथ्याशीच विचारलं. तिचं माहेरचं नाव चिमी. चाळिशी उलटली तरी या जिन्यावर पाय पडला की ती चिमीच व्हायची, आणि चिमीचा आवाज बायकोच्या आवाजापेक्षा चढा असायचा.

"ॲडाप्टर. नानांचा लॅपटॉप आणि टीव्ही यांचं आज लग्नच लावून टाकतो."

"भिंत नाही ना फोडायची?"

"भिंतीचा काय संबंध?"

"मागच्या वेळी पण हेच म्हणाला होतास."

जावईबापू धंद्याने चष्मेवाले. दुकान चांगलं चालायचं, गिऱ्हाइकं खूश असायची. पण डोळ्यांचं काम सोडून जगातलं दुसरं कुठलंही काम त्यांना आपलंच वाटायचं. आणि गंमत अशी, की सगळ्या गावाच्या नाकावर चष्मे चढवणारा हा माणूस सुट्टीच्या दिवशी स्वतःचा चष्मा घरी ठेवून निघायचा. चष्म्यात वय दिसतं, असं त्यांचं म्हणणं. जवळचं धूसर आणि लांबचं त्याहून धूसर, अशा अवस्थेत ते रविवारभर रुबाबात हिंडायचे.

ज्याच्याकडून वायर घेतली तो दुकानदार मोठा बोलका होता. "जुन्या लॅपटॉपातलं चित्र या निळ्या तोंडातून जाईल," त्याने समजावलं होतं. "पण आवाज त्यातून जात नाही. आवाजासाठी ही बारकी शेपटी. लॅपटॉपच्या कडेला दोन गोल भोकं असतील, एक हिरवं, एक गुलाबी. शेपटी हिरव्यात घालायची. गुलाबीत नको हं साहेब. हिरवं बोलतं, गुलाबी ऐकतं." जावईबापूंनी मान डोलावली, पण लक्ष होतं दुकानदाराच्या चष्म्याकडे. फ्रेम छान होती, एका बाजूला उतरली होती. अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

नानांचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या नावाने शंख. दुसऱ्या मजल्याच्या वळणावरची एक पायरी सैल होती. तिच्यावर पाय पडला की 'खुट्ट' असा आवाज व्हायचा आणि नाना घरात बसल्या बसल्या ओळखायचे, कोण येतंय. लेकीचं खुट्ट घाईचं, जावयाचं दणदणीत. सासूबाई होत्या तेव्हा त्यांचं खुट्ट झालं की मागोमाग जरा शांतता, मग "हुश्श", आणि मग पुढच्या पायऱ्या.

२

आता नानांचं काय अडलं होतं, ते सांगायला हवं.

सासूबाईंना जाऊन काही वर्षं झाली होती. बहिणीकडे म्हणून निघाल्या, तिथे अचानक आजारी पडल्या, आणि तिथल्याच हॉस्पिटलात संपल्या. सगळं तिकडेच उरकलं. या दारातून बाहेर पडल्या त्या या दाराशी परत आल्याच नाहीत. नाना एकटे उरले. चिमीने आपल्या घरी त्यांच्यासाठी खोली तयार करून ठेवली होती, खिडकीशी पलंग, उशाशी दिवा, पेपर वाचायला हाताची खुर्ची. नाना दर वेळी "येतो, येतो" म्हणायचे आणि दर वेळी काहीतरी निमित्त काढायचे. कधी गुडघा, कधी नळाची गळती. शेवटी एकदा लेकीने खनपटीलाच बसून विचारलं, तेव्हा म्हणाले, "चिमे, तुझी आई निघताना 'येते' म्हणाली की 'जाते' म्हणाली?"

तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला? आपल्यात घराबाहेर पडताना 'जातो' कोण म्हणतं? निघायचं आणि 'येतो' म्हणायचं, आतल्याने 'ये' म्हणायचं, मगच उंबरा ओलांडायचा. आणि सासूबाई तर या बाबतीत भलत्याच कडक. जावईबापूंना नवीन लग्न झाल्यापासून "चला, जातो" म्हणायची खोड. त्यांच्या तोंडून ते निघालं रे निघालं, की स्वयंपाकघरातून आवाज यायचाच, "जातो नाही म्हणू, जावईबापू, येतो म्हणावं!" ते 'येतो' म्हणेपर्यंत त्यांची सुटका नसे.

"मग ती 'जाते' कशी म्हणेल, नाना?"

"तेच तर. पण माझ्या कानात 'जाते' बसलंय, काय करू?" नाना हसत म्हणाले, पण हसू काही डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "'जाते' म्हणाली असेल तर विषय मिटला. उद्या बॅग भरतो आणि येतो तुझ्याकडे. पण 'येते' म्हणाली असेल, तर घराला कुलूप घालून मी कसा निघू? ती आली तर?"

पुरावा होता, हीच तर गंमत. नानांना तेव्हा नव्या कॅमेऱ्याचं वेड लागलं होतं. सासूबाई दारातून निघत असतानाचा व्हिडिओ त्यांनी काढला होता आणि तो लॅपटॉपात होता. पण लॅपटॉपवर नानांनी चहा सांडला आणि त्याची वाचाच गेली. पेन ड्राइव्ह लावावा तर त्याला ओळखच देईना. चिमी म्हणाली, मी हेडफोन लावून ऐकते आणि सांगते. नाना म्हणाले, "मला दुसऱ्याच्या कानाने नाही ऐकायचं. तू तुला हवं तेच ऐकशील." बिचारीने हेडफोन ठेवून दिला, कारण ते खरं होतं. तिला 'जाते' ऐकायचं होतं. आपल्या आईच्या तोंडून 'जाते' ऐकायची वाट बघतोय आपण, याची तिला मनातून लाज वाटायची. नानांनी स्वतः हेडफोन लावावा, तर त्यांचं कानातलं यंत्र शिट्टी मारायचं.

उरला तो टीव्ही. मोठा, नवा, लेकीनेच दिलेला, खणखणीत आवाजाचा.

३

जेवणं आटोपल्यावर जावईबापूंनी बाह्या सरसावल्या. बैठकीच्या खोलीत सोफ्याच्या समोर टीव्ही, आणि सोफ्याच्या मागे घराचं दार. टीव्हीखालच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून ते गुडघ्यांवर बसले.

निळं तोंड निळ्या तोंडात बसलं. दुसरं टोक टीव्हीच्या पाठीत गेलं. टीव्हीने एकदा डोळे मिचकावले आणि पडद्यावर चित्र आलं. दार. हेच दार, त्यात सासूबाई. हातात निळी पिशवी, कपाळाला आठ्या.

"आली!" नाना खुर्चीत पुढे सरकले.

सासूबाईंचे ओठ हलले. हात हलला. त्या कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी बोलल्या, वळल्या, आणि चित्र संपलं. आवाज नाही.

"अगदी अशीच बोलायची ती," नाना म्हणाले. "मी पेपर वाचत असलो की मला असंच ऐकू यायचं."

"थांबा हो नाना, शेपटी राहिली." जावईबापूंनी लॅपटॉपची कड चाचपली. दोन गोल भोकं बोटांना लागली. रंग म्हणाल तर दोन्ही करडी. एक तर वर्षानुवर्षांची धूळ, त्यावर नानांचा चहा, आणि त्यावर जावईबापूंचे बिनचष्म्याचे डोळे.

"चष्मा आणलास?" चिमीने विचारलं.

"वायर लावायला चष्मा कशाला लागतो?"

"दोन भोकं आहेत म्हणालास ना? कुठल्यात घालायची?"

"हिरव्यात."

"मग हिरवं कुठलं?"

"हे काय, हेच की," असं ठणकावून सांगत जावईबापूंनी शेपटी जे सापडलं त्या भोकात खुपसली. लगेच टीव्हीतून घुऽऽ असा बारीक आवाज आला, बंद खोलीचं दार उघडल्यावर आतल्या हवेचा येतो तसा. जावईबापू व्हिडिओ पुन्हा सुरू करून उठून उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात कमरेवर ठेवले. बायकोकडे त्यांनी ज्या नजरेने बघितलं, ती नजर ड्रिल मशीनच्या दिवसापासून शिल्लक होती.

४

"अहो, बंद करा ते," टीव्ही म्हणाला.

सासूबाईंचा आवाज. तसाच, जरासा घोगरा, रागावता रागावता हसणारा. नानांनी दोन्ही हात तोंडावर ठेवले. चिमीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि ती त्याच वेळी हसायलाही लागली. जावईबापूंचेही कमरेवरचे हात खाली आले. काही म्हणा, त्यांचाही जीव होता सासूबाईंवर.

"केसांचं बघा काय झालंय, आणि हे आले कॅमेरा घेऊन! दूध झाकून ठेवलंय. नळ नीट बंद करत जा. बरं, निघू का मी? –ते हं."

आणि नेमक्या त्याच क्षणी, कॅमेऱ्यामागून, कुणाचा आवाज यावा? नानांचा. "अगं, हा लाल दिवा कसला लागला बघ!"

चित्र संपलं.

खोलीत सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"नाना!" चिमी ओरडली. "तुम्हीच बोललात की मध्ये!"

"मला काय माहीत? चार्जिंग संपत होतं!"

पुन्हा लावलं. 'अगं' आणि '–ते हं' एकाच वेळी. पुन्हा लावलं. जावईबापूंनी आवाज वाढवून बघितला, कमी करून बघितला, पडद्याला कान लावून बघितला. 'ते' स्पष्ट. त्याच्या आधीचं अक्षर नानांच्या 'अगं'ने गिळून टाकलेलं.

"जाते," चिमी हळूच म्हणाली.

"येते," जावईबापू म्हणाले, आणि बायकोने त्यांना असा काही चिमटा काढला की ते लगेच म्हणाले, "किंवा जाते. दोन्ही बाजू आहेत."

नाना मात्र खुशीत होते. "अजून एकदा लावा हो. दुधाचं ऐकायचंय." मग नळाचं ऐकलं, मग केसांचं. तिघं इतके हसले की पुढच्या वेळी चित्र संपलं तेव्हा बटण दाबायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. पडदा काळा झाला. त्यात खोलीचं पुसट प्रतिबिंब दिसायला लागलं, सोफा, त्यावरची माणसं, मागचं दार.

आणि टीव्हीतून दाराची कडी वाजली. मग चपला.

५

"अरे वा," नाना म्हणाले. "पुढचंही आहे की."

चपलांचा आवाज जिना उतरायला लागला. चटक फटक, चटक फटक. सासूबाईंची चाल, एक पाय जरा ओढून टाकायची. मग 'खुट्ट'.

"आपली पायरी!" चिमीने टाळी वाजवली. तिला लहान मुलीसारखा आनंद झाला होता.

जावईबापूंना मात्र कसंसंच व्हायला लागलं. चित्र संपून आवाज चालू राहतो, यात काही विशेष नाही, त्यांनी स्वतःला समजावलं. पण कॅमेऱ्याचं तर चार्जिंग संपलं होतं. बरं, आवाजाचं चार्जिंग वेगळं असेल. असतंही. काय सांगावं, नव्या कॅमेऱ्यांत काहीही असतं.

"किल्ली घेतली," टीव्हीतून सासूबाई पुटपुटल्या. "चष्मा घेतला. पैसे घेतले. बहिणीचं औषध घेतलं."

चिमीचं हसू थांबलं. "नाना, कॅमेरा कुठे होता तेव्हा?"

"माझ्या हातात. इथेच, सोफ्याजवळ."

"मग आई खाली जाऊन पुटपुटतेय ते इथे कसं ऐकू येतंय?"

जावईबापूंच्या आता लक्षात आलं, आपल्याला काय खटकतंय ते. पावलं लांब जात होती, पण पावलांचा आवाज लांब जात नव्हता. पहिल्या पायरीला जेवढा होता तेवढाच खालच्या पायरीलाही. जणू माइक त्यांच्या पिशवीत होता. खालचं फाटक कुरकुरलं. रस्ता आला, एक सायकलची घंटी आली, कुणाचं तरी कुत्रं भुंकलं. मग चपला थांबल्या.

"अगंबाई," सासूबाई म्हणाल्या. "'ये' म्हणालेच नाहीत हे."

नानांचा चेहरा असा झाला की जावईबापूंना तिकडे बघवेना.

"नाही म्हणालो मी," नाना कसेबसे बोलले. "खरंच नाही म्हणालो. त्या मेल्या लाल दिव्याच्या नादात राहूनच गेलं." आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. "चिमे! म्हणजे ती 'येते'च म्हणाली होती गं! 'ये' ऐकायला थांबली, म्हणजे 'येते'च म्हणाली!"

चिमीला बरं वाटलं की वाईट, तिचं तिलाच कळलं नाही. तिने फक्त विचारलं, "आई त्या दिवशी परत आली होती का, नाना? वर?"

"नाही गं. निघाली ती निघालीच."

टीव्हीत फाटक पुन्हा कुरकुरलं. चपला जिना चढायला लागल्या.

६

आता इथे कुणीही शहाणा माणूस टीव्ही बंद करील. जावईबापूही नंतर पुष्कळदा म्हणाले, मी केला असता. पण रिमोट नानांच्या हातात होता आणि नाना काही तो सोडायला तयार नव्हते. ते खुर्चीतून उठले होते. चेहरा असा उजळला होता की विचारू नका.

"ये गं," ते टीव्हीला म्हणाले. "ये, ये. मी म्हणायचं विसरलो तेव्हा. ये."

चपला क्षणभर थांबल्या. मग भरभर चढायला लागल्या.

"काढ ती वायर!" चिमीने नवऱ्याचा दंड धरला. "आत्ताच्या आत्ता काढ!"

जावईबापू टेबलापाशी गुडघ्यांवर बसले. शेपटी कुठल्या भोकात आहे ते नीट बघायला त्यांनी लॅपटॉपला नाक टेकवलं, अंगठ्याने कडेची धूळ पुसली. इतक्या जवळून त्यांना बिनचष्म्याचंही दिसलं. शेपटीच्या भोवतीचं कडं गुलाबी होतं. हिरवं भोक शेजारी मोकळं होतं, आणि बहुतेक कायमचं मोकळं होतं, कारण त्यात चहाची काळी खपली जमली होती.

हिरवं बोलतं, गुलाबी ऐकतं.

म्हणजे लॅपटॉप काही बोललाच नव्हता. दुपारभर जे टीव्हीतून आलं, त्यातलं एक अक्षरही त्या वायरीतून आलेलं नव्हतं. मघापासून लॅपटॉप फक्त ऐकत होता. आपलं हसणं ऐकत होता. नानांचं 'ये' ऐकत होता.

त्यांनी शेपटी खस्सकन उपटली.

टीव्ही गप्प झाला. अगदी गप्प. जावईबापू गुडघ्यांवर बसून राहिले, हातात शेपटी, कपाळावर घाम. "बघ," ते बायकोला म्हणाले, आणि आपला आवाज नेहमीसारखा निघाल्याचं त्यांना कौतुक वाटलं. "गेला की नाही? लूज कनेक्शन. ही स्वस्तातली वायर अशीच."

चिमी हसली. खरंच हसली, सुटल्यासारखी. "तुझं आपलं काहीतरीच. नुसता जीव घेतलास."

आणि बाहेर, जिन्यावर, 'खुट्ट' झालं.

तिघंही थांबले. मग शांतता. मग दाराबाहेरून, अगदी स्पष्ट, "हुश्श".

चिमीने नानांच्या खांद्यात तोंड खुपसलं. नाना मान वळवून दाराकडे बघत होते. जावईबापू मात्र टेबलापाशी होते, त्यांचं तोंड टीव्हीकडे होतं, आणि वळायचा त्यांना धीर झाला नाही. म्हणून त्यांनी जे पाहिलं ते काळ्या पडद्यात पाहिलं. सोफा. नाना आणि चिमी, एकमेकांना चिकटलेले. त्यांच्या मागे दार. दारात किल्ली फिरल्याचा आवाज आला आणि प्रतिबिंबातलं दार सताड उघडलं. उजेडाची एक पट्टी आत आली. त्या पट्टीत काहीतरी निळं होतं, हाताच्या उंचीवर लोंबणारं, आणि ते हळूच खाली टेकवलं गेलं, दमलेलं माणूस पिशवी टेकवतं तसं.

चष्मा असता तर वरचंही दिसलं असतं. नव्हता, हे त्यांचं नशीब.

त्यांनी सगळा धीर गोळा करून मान वळवली. दार बंद होतं. दाराशी काही नव्हतं. ते उठले, गेले, दार उघडून जिन्यात डोकावले. दुपारचं पिवळं ऊन पायऱ्यांवर पसरलेलं, खालच्या मजल्यावर कुणीतरी भांडी घासत होतं. "शेजारचे कुणीतरी असतील," ते मोठ्याने म्हणाले.

नाना अजून दाराकडेच बघत होते. हसत होते. आता ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं होतं.

७

वायर गुंडाळून जावईबापूंनी खिशात टाकली. टीव्हीचा प्लग भिंतीतून काढला, वर लॅपटॉपही मिटला. कुणी विचारलं तर वीज वाचवतोय, असं उत्तर त्यांनी तयार ठेवलं होतं, पण कुणी विचारलं नाही.

"मग नाना," चिमीने अडखळत विषय काढला, "बॅगेचं काय करायचं?"

"कसली बॅग?" नाना मजेत म्हणाले. खुर्चीत ते मागे रेलून बसले होते, किती तरी दिवसांनी इतके निवांत. "आता मी घर सोडून कुठे येऊ गं? तूच सांग. बसा, बसा, चहा होतोय."

चिमीने नवऱ्याकडे पाहिलं. जेवणानंतर तिघांपैकी कुणीही स्वयंपाकघरात गेलं नव्हतं. पण चहाचा वास येत होता, हे दोघांनाही कळलं. नानांनी मघाशीच गॅसवर आधण ठेवलं असेल, जावईबापूंनी विचार केला. मंद आचेवर. पार मंद. असं म्हणतात की म्हाताऱ्या माणसांना उकळत ठेवलेला चहा आवडतो. कोण म्हणतं ते त्यांना आठवलं नाही.

"नको नाना, उशीर झाला," चिमी म्हणाली आणि तिने बापाच्या गालावरून हात फिरवला. तिला रडू येत होतं आणि का येतंय ते सांगता येत नव्हतं. नाना सुखात होते. तिला हेच तर हवं होतं. फक्त असं नको होतं.

दोघं दाराशी आले. नाना त्यांना सोडायला उठले आणि सोफ्यापाशी उभे राहिले. जावईबापूंनी चपला घातल्या, उलट्या घातल्या, पुन्हा घातल्या. लवकर या घराबाहेर पडावं, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं. आणि माणूस घाबरला की जुनी खोडच तोंडात येते.

"चला नाना," ते म्हणाले. "जातो आम्ही."

नानांनी मान जराशी कलती करून स्वयंपाकघराकडे कान दिला. आता काय येणार ते ठाऊक असलेल्या माणसासारखा.

"जातो नाही म्हणू, जावईबापू," आतून आवाज आला. जरासा घोगरा, रागावता रागावता हसणारा, कपबशांच्या किणकिणीतून. "येतो म्हणावं."

चिमीची बोटं नवऱ्याच्या मनगटात रुतली. उंबरा एका पावलावर होता. पलीकडे जिना होता, ऊन होतं, भांडी घासणारं कुणीतरी होतं. जावईबापूंना पळून जायचं होतं. पण त्या घरात 'येतो' म्हटल्याशिवाय कुणी कधी उंबरा ओलांडला नव्हता, आणि आतली कपबशांची किणकिणही थांबली होती. ऐकायला.

"येतो," जावईबापू म्हणाले.

"या," आतून दोघंही म्हणाले.